राजासाठी चिन्नोर

हापिसात किस्से धुळीसारखे जमतात. कोणी आणून टाकत नाही, झाडणारा असूनही टेबलावर असतातच! लाखांदूरच्या आमच्या हापिसातून आम्ही तीन कारकून आपापल्या लवाजम्यासह सरकारी सवलतीत दिल्ली पाहून आलो. त्या एका दिवसाचे किस्से तर अजून झटकले जात नाहीत. सवलत भाड्यात होती, पायांना नव्हती.

तिघांतले हेडक्लार्क म्हणजे बडेबाबू शेंडे; त्यांची माय सोबत होती. तिचं माहेर सानगडीचं. तिथं नवं धान निघालं की पहिले तांदूळ गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरी जायचे. मालगुजारी गेली, पण मायच्या मनातला तो मान गेला नाही. दिल्लीचं ठरताच तिनं सुवासिक चिन्नोर तांदळाची पोटली बांधली. "राजाकडे रिकाम्या हातानं जात नाही, बाबू. मराच्या आधी एक डाव तं देऊ दे!"

"देऊ, माय," शेंडे म्हणाले. टेबलावर आलेल्या प्रत्येक अर्जालाही ते हेच म्हणत.

गाडीत सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं माय खायची. उरलं नाही, तर "मले भूकच नाही" म्हणायची. "माय आधी जेवली असं मी जन्मात पाहिलं नाही," हे शेंडे वर अभिमानानं सांगत.

*

सकाळी लाल किल्ला. संगमरवरी ओट्याकडे बोट करून गाईड म्हणाला, "यहाँ बादशाह का तख्त था।"

माय पोटली सोडायलाच लागली. "आता कोठं हाय?"

"ईरानवाले ले गए, माताजी।"

"आन् तुमी काय पाहून राहिले होते?"

गाईडनं पुढच्या दालनाची घाई केली!

*

कुतुबमिनारपाशी लोखंडी खांब आहे. तेव्हा त्याला कठडा नव्हता; पाठ लावून मागे हात जुळले की इच्छा पुरी होते म्हणे. आमच्या तिघांतल्या हटवारला भंडाऱ्याला बदली हवी होती. त्यानं खांबाला पाठ घासघासून शर्टाची शिवण उसवली, पण हात काही जुळेनात.

हटवारवहिनी सावलीत बसून म्हणाल्या, "कायले आंग मोडून घेता? बदलीसाठी हात वर पोचाव लागते, मागं नाही!"

*

दुपारी हुमायूनचा मकबरा. कोणता राजा कोणाचा बाप हे तोवर कोणाच्याच ध्यानात उरलं नव्हतं.

"हा राजा तरी घरी हाय का?" मायनं विचारलं.

"मेला, माय."

"आन् थो तिकडच्या घुमटातला?"

"तोही."

"म्हंजे सकाळपासून आपण मसनात फिरून राहिलो? जिता एक दाखवत नाही आन् तिकिटं फाडते!"

मसनातून आल्यावर आंघोळीशिवाय अन्न नाही, म्हणून मायनं डबाही शिवला नाही. आम्ही मात्र दोन मकबऱ्यांच्या मधे पोटभर जेवलो.

*

शेवटी राष्ट्रपती भवन. बस लांबच थांबली. माय पोटली छातीशी धरून थेट फाटकाकडे निघाली. शिपायानं हात आडवा केला. "माताजी, पीछे!"

"राजाले भेटाचं हाय."

"यहाँ राजा नहीं, राष्ट्रपति रहते हैं।"

"थे कोन?"

"आपणच निवडतो त्यायले, माय," शेंडे म्हणाले. राज्यघटना त्यांनी जरा सोपी केली, पण पाय दुखत असताना इतकीच जमते.

गाईडही दिवसभराचा थकलेला. तो म्हणाला, "माताजी, राजा-वाजा सब गए। अब तो आप ही राजा हैं। चलिए, बस में बैठिए।"

मायनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पोटलीची गाठ पुन्हा घट्ट केली. बसमध्ये ती पोटली मांडीवर घेऊन बसली.

*

धर्मशाळेत आल्यावर मायनं आंघोळ केली, स्टोव्ह पेटवला आणि पोटली सोडली. चिन्नोरचा वास साऱ्या व्हरांड्यात गेला. आम्ही सवयीनं पंगत धरून बसलो.

मायनं सतरंजीची चौघडी केली, सगळ्यांच्या पुढे टाकली, तिच्यावर मांडी घालून बसली आणि ताट स्वतःसमोर ओढलं.

"वाढ, बाबू."

शेंडे उठले. पातेल्यातला भात त्यांनी ताटात घातला आणि तसेच उभे राहिले.

माय म्हणाली, "पाहून काय राहिला? राजाकडे रिकाम्या हातानं येतेत का? लोणचं आन!"