हळदीखालची कातडी

कमलताई. आधी हे नाव लिहितो, माझं काय झालं ते मागाहून. वर्ध्याकडच्या एका दवाखान्यात त्या सिस्टर होत्या. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचं अंतर्देशीय आलं... ताई गेल्या.

मी सहावीत शाळा सोडलेला, सांगलीकडचा, पोटासाठी पुलगावच्या गिरणीत आलेला. आतडं फाटलं तेव्हा डॉक्टरांनी जीव वाचवायला शौचाची वाट पोटावर काढली, वर पिशवी लावली. "दुसऱ्या ऑपरेशननं ती बंद करू, पण भोवतालची कातडी धड असेल तरच," असं त्यांनी बजावलं. मी तेच घोकत बसायचो. आणि नेमकी कातडी जळायला लागली! घाबरलो. कुणाला न सांगता आईनं गावाहून पाठवलेली हळद तेलात कालवून लावली. आमच्याकडे कशावरही हळदच.

ताईंनी पिशवी काढली आणि खो खो हसल्या. "काऊन गा, पोटाचं लगन काढलं का? हळद लावून राह्यला!" कोमट पाण्यानं पुसलं, तसं त्यांचं हसू गेलं. पिवळ्याखाली लालभडक, एका जागी सोललेलं. "तेलानं पिशवी चिकटत नाई, मंग पाझरते, मंग जळते. अन् वरून तू झाकून ठेवलं. मले दिसलंच नाई तर मी काय करू, सांग?"

मग त्यांनी पिशवीचं भोक मापानं कापायला शिकवलं आणि कागदावर घड्याळ काढून दिलं, मधोमध ती वाट. पिशवी बदलताना खिडकीशी उभं राहून बघायचं, लाल कुठं, ओलं कुठं, सोललं कुठं. पोटाच्या दुसऱ्या बाजूशी ताडून पाहायचं. बिघाड दिसेल त्या आकड्याशी पेन्सिलीची खूण. पहिल्या दिवशी तीनपासून सहापर्यंत सगळं काळं. मग चार-पाच, मग नुसते पाच... "आज किती वाजले गा?" वॉर्डात शिरतानाच त्या विचारायच्या.

आणि एका सकाळी मी ओरडलोच, "ताई, काहीच वाजलं नाही!" त्यांनी बोट फिरवून पाहिलं. कोरडं, गुळगुळीत. नवी पिशवी लावली न लावली तोच मी डॉक्टरांकडे पळत निघालो. "धावू नको ना बाप्पा, पिशवी सांभाळ!" म्हणत ताई माझ्या मागं धावत होत्या.

ऑपरेशन झालं. वाट बंद झाली.

अजूनही अंघोळीनंतर मी उजेडात उभा राहून पोट बघतो. परवा गिरणीतल्या आमच्या खात्यातल्या एका सोबत्याला तशीच पिशवी लागली. लाजून तो बायकोलाही दाखवत नाही. येत्या सुट्टीला मी त्याच्याकडे जाणार आहे, माझा सदरा आधी वर करणार आहे. तुमचं ऋण एवढ्यानं फिटायचं नाही ताई, पण फेडीन... एकेक माणूस करून फेडीन.