सहा खोकी रेकॉर्डी आणि एक कोरी चिठ्ठी

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माहीत आहे की मी रस्ते, खाणं आणि स्वच्छ बाथरूम या तीनच विषयांवर अधिकाराने लिहिते. संगीतावर लिहायची वेळ पहिल्यांदाच आली आहे आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चौतीस वर्षं एका जॅझवेड्याबरोबर संसार करून कळलं नाही, म्हणजे आता कळायची आशाही नाही.

वेडा म्हणजे माझा नवरा, अविनाश. आमच्या पुण्याच्या घरात दोन भिंतभर कपाटं त्याच्या रेकॉर्डींनी भरलेली. माझ्या साड्या पलंगाखाली आणि अमेरिकेतले ट्रम्पेटवाले कपाटात, यावरून आमची भांडणं पहिल्या दिवाळीपासूनची. (ट्रम्पेटवाल्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. कोण मोठा यावरून कमेंटमध्ये तुंबळ युद्ध होतं, अनुभव आहे.)

फेब्रुवारीत कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की अविनाशचा उजवा कान जवळजवळ गेला आहे आणि डाव्यातले वरचे सूर गेले आहेत. यंत्र घेतलं. त्यातून माणसांचं बोलणं कळतं, पण संगीत त्याला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. चार दिवसांत यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं. मग एके सकाळी पोहे खाताना तो म्हणाला, "रेकॉर्डी सांगलीच्या मंडळींना देऊन टाकू. त्यांचे कान शाबूत आहेत."

ज्या कपाटांसाठी मी चौतीस वर्षं भांडले, ती आता मला फुकट मिळत होती, आणि मला रडू यायला लागलं. "बरं," म्हटलं आणि गाडीच्या चाकांत हवा भरून आणायला गेले.

शनिवार: पुणे ते सांगली

रेकॉर्डी न्यायच्या असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या. आणि गाडी उन्हात उभी करायची नाही, नाहीतर रेकॉर्ड पापडासारखी वाकते. मार्चचा महिना होता, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. मागची सीट पाडून सहा खोकी, मध्ये घरातल्या सगळ्या गोधड्या. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे अर्धा तास गेला. महामार्गाची कामं चालू आहेत, वळवलेले रस्ते अचानक समोर येतात, त्यामुळे वेळ हातात ठेवूनच निघा.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे एका झाडाची सावली बघून थांबलो. कंदी पेढे घेतले. पेढेवाल्याने काचेतून गोधड्या पाहिल्या.

"आंबं हाईत व्हय?"

"नाही हो, गाणी आहेत," मी म्हटलं.

"मग पांघरूण कशाला? गाण्याला थंडी वाजती का काय?"

अविनाशला हे ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलेल्या विनोदावर माणूस जेवढं हसतो तेवढा तो हसला.

पेठ नाक्याला महामार्ग सोडून आष्ट्यामार्गे सांगलीला वळलो. या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्याशी मोठा स्पीकर. हॉर्न वाजवून उपयोग नाही. तो वळून बघेल तेव्हा हात करायचा. दुपारी बाराच्या आत विश्रामबागेत पोचलो. लॉज साधंच, अठराशे रुपये, पण गाडी तळघरात लागते आणि बाथरूमला माझ्याकडून दहापैकी आठ. जवळच्या खानावळीत भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी मिळाली. कृष्णाकाठची वांगी खाल्ल्यावर पुण्यातली भाजी भाजी वाटत नाही.

रविवार: कुपवाडची शेड

सांगलीची मंडळी म्हणजे नजीरभाई आणि सुभेदार माने. आणखी दोघं-तिघं येऊन जाऊन असतात, पण खांब हे दोनच. नजीरभाईंची सांगलीलगतच्या कुपवाडला लोखंड कातायच्या लेथ मशिनींची शेड आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मशिनी बंद ठेवतात आणि स्वतः बनवलेल्या प्लेअरवर रेकॉर्ड लावतात. त्या प्लेअरची फिरणारी चकती त्यांनी आपल्याच लेथवर कातली आहे. सुभेदार माने पलटणीच्या बँडमध्ये मोठं पितळी वाद्य वाजवायचे. आता गावाकडे ऊस पिकवतात आणि ट्रम्पेटवाल्यांना नापास करतात. अकरा वर्षांपूर्वी अविनाश कामानिमित्त कुपवाडला गेला असताना शेडमधून सॅक्सोफोन ऐकू आला आणि तो गेटमधून सरळ आत घुसला, तेव्हापासूनची ही दोस्ती.

त्यांचा एक खेळ आहे. नजीरभाई रेकॉर्डचं कव्हर पेपरखाली झाकून ती लावतात. प्रत्येकानं वादकाचं नाव चिठ्ठीवर लिहून बोल्टच्या डब्यात टाकायचं. जो चुकेल त्यानं पुढच्या महिन्यात भडंग, म्हणजे सांगलीचे नावाजलेले लसूण-तिखटाचे चुरमुरे, आणायचे, तेही स्वतः बनवून. विकतचं चालत नाही. आणि ज्याची चिठ्ठी कोरी, तो चुकलेल्यापेक्षाही खाली. अकरा वर्षांत अविनाशला एकदाही भडंग करावं लागलेलं नाही. याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

खोकी उतरवली. चहा झाला. आणि वाद सुरू झाला तोच, नेहमीचा, की थोर वादक थोर कशानं होतो.

"रियाज," सुभेदार म्हणाले. "दुसरं काय बी नसतंय. येकच धून हजार येळा वाजीव म्हणावं, गाढव बी सुरात वरडंल."

"आवं, माझ्या हितं दोगं कामाला हाईत," नजीरभाई म्हणाले. "मशीन येकच, पगार येकच. येकानं कातल्याला जॉब नुसता मापात येतोय. दुसऱ्याचा हातात घेतला की कळतंय ह्यो तेचा हाय म्हणून. ते काय रियाजानं येतंय व्हय?"

अविनाशचं मत या दोघांपेक्षा वेगळं. तो म्हणतो, मोठा वादक कुठे थांबतो त्यावरून ओळखावा. आणि त्याचा पुरावा म्हणजे नजीरभाईंकडची एक कॅसेट. चाळीसएक वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका वरातीत कोणीतरी भरलेली. त्यात बँडमधला क्लॅरनेटवाला सिनेमाचं गाणं वाजवता वाजवता वाट सोडून भलतीकडेच जातो, आणि ऐन रंगात गप्प होतो. ताशा चालूच. बारा ठोके गेल्यावर तो अशा जागेवरून परत शिरतो की अविनाशच्या मते तसं जगात तिघांनाच जमलं असतं. या बारा ठोक्यांवर त्याने पानंच्या पानं लिहिली आहेत. वादकाचं नाव-गाव नजीरभाईंना माहीत होतं, पण इतकी वर्षं कोणी त्याला भेटायला गेलं नव्हतं.

मग नजीरभाईंनी पेपर टाकून एक रेकॉर्ड लावली. आमच्याच खोक्यातली काढली होती, गंमत म्हणून. सगळे डोळे मिटून बसले. मी भिंतीवरची पान्ह्यांची रांग बघत बसले होते, तेवढ्यात टिक् असा बारीक आवाज आला. जरा वेळानं परत टिक्.

तो आवाज मला पाठ आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी केर काढताना ही रेकॉर्ड माझ्या हातून पडून तिच्यावर चरा उमटला होता. तीन दिवस अबोला होता आमचा. मला वादक कोण ते आजही सांगता येणार नाही, पण ही कुठली रेकॉर्ड आहे ते मी झोपेतही सांगेन.

अविनाशने चिठ्ठी लिहून डब्यात टाकली. नजीरभाईंनी पहिली तीच उघडली आणि वाचायच्या आधी थांबले. मग हळू आवाजात नाव वाचलं. चूक होतं. त्याने पहिल्या पगारात घेतलेली रेकॉर्ड त्याला ओळखता आली नव्हती.

माझ्या शेजारी सुभेदार माने बसले होते. त्यांची चिठ्ठी अजून मुठीत होती. तिच्यावर नाव लिहिताना मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी ती गुपचूप सदऱ्याच्या खिशात सारली आणि टेबलावरचा एक कोरा कपटा डब्यात टाकला.

"माजी कोरीच हाय," ते म्हणाले. "सुचलंच न्हाई गड्या आज काय. भडंग माज्याकडं."

अविनाशने फक्त मान हलवली. निघताना खोक्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दारात मात्र तो नजीरभाईंना म्हणाला, "त्या क्लॅरनेटवाल्याचा पत्ता द्या. उद्या परत जाताना भेटतो."

"कशाला भेटताय?" नजीरभाई म्हणाले. "तेनं काय साधंच सांगितलं तर? आपली अकरा वर्सांची भांडणं वाया जात्याल."

"जाऊ देत. मला आता भांडता कुठं येणार आहे?"

सोमवार: उंब्रज

कराडच्या पुढे तासवड्याचा टोल ओलांडला की उंब्रज. टोल मागे पडल्यावर अविनाश म्हणाला, "सुभेदार खोटं बोलले."

"हो," मी म्हटलं.

"तुलाही ओळखू आली होती ती रेकॉर्ड."

"टिकवरून."

"मला टिक ऐकूच आली नाही," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली, पण मागे कंटेनर होता.

पत्ता बाजारपेठेतल्या एका गादीच्या दुकानाचा होता. दुकान दस्तगीरचाचांचा, म्हणजे त्या क्लॅरनेटवाल्याचा, पुतण्या चालवतो. दस्तगीरचाचा बाहेर खुर्चीवर बसले होते, ऐंशीच्या आसपासचे, तोंडाचं बोळकं झालेलं. "दात ग्येलं, तवाच क्लॅरनेट ग्येली," त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागत होतं. पुतण्या म्हणाला, "आवं वैनी, कानाजवळ जाऊन बोला."

अविनाशने कॅसेटवरून फोनमध्ये उतरवून घेतलेली ती वरात छोटा स्पीकर जोडून लावली. चाचांनी स्पीकर उचलून छातीशी धरला. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "कोण हाय ह्यो? बरा वाजवतोय की."

पुतण्या हसला. मला हसू आलं नाही. मग ती जागा आली, क्लॅरनेट गप्प झालं, आणि चाचा एकदम हसायलाच लागले.

"आगायायाया! ह्यो मीच! हितं चुकलो हुतो मी!"

"चुकला होता?" अविनाशने विचारलं.

"मग? लय लांब ग्येलतो गाण्यापासनं. गाणं कुठं आलंय तेच कळंना. मग काय करतो, गप बसलो."

अविनाशचा चेहरा बघवत नव्हता. अकरा वर्षांची पानं. तरी त्याने विचारलं, "मग परत कुठून शिरायचं ते कसं कळलं? ऐकून?"

"ऐकू कुठलं येतंय वरातीत! ताशा कानाला, जनरेटर म्होरं. बँडवाल्याचं कान चाळिशीतच जात्यात, साहेब. मला तवाच निम्मं ऐकू येत न्हवतं. ढोलवाल्याच्या हाताकडं बघितलं. ढोल हितं लागतोय," त्यांनी पोटावर हात ठेवला. "दोन-चार ठोकं पोटात घेतलं, आन् उचललं."

मग त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून, भर बाजारात ओरडून, अविनाशनं जे घरात मलाही नीट सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "मलाही ऐकू येत नाही, चाचा! माझीच रेकॉर्ड मला ओळखू आली नाही!"

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. "मला बी आत्ता कुठं आली?" ते म्हणाले. "थांबायला काय, कोण बी थांबतंय. परत उचलता आलं पायजे." आणि तो स्पीकर त्यांनी अविनाशच्या हातात न देता त्याच्या पोटावर दाबून धरला. गादीच्या दुकानासमोर माझा साठीचा नवरा पोटाला स्पीकर लावून उभा, आणि रस्त्यानं जाणारे येणारे बघतायत. मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता.

घरी

येताना बोगद्यातून आलो, घाट लागत नाही. पेट्रोल, टोल, लॉज, खाणं धरून दोघांचा खर्च साडेआठ हजार. सांगलीला जाणार असाल तर उसाचा हंगाम संपल्यावर जा, रस्ता मोकळा मिळतो.

कपाटं रिकामी आहेत. साड्या मी अजून पलंगाखालीच ठेवल्या आहेत. यंत्र ड्रॉवरमधून बाहेर आलं आहे. संगीत अजून डब्यातल्या खड्यांसारखंच येतं म्हणतो, पण कोणते खडे कोणाचे ते थोडं थोडं कळायला लागलंय असंही म्हणतो. मला त्यातलं काही कळत नाही. सुभेदारांच्या चिठ्ठीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. अविनाश परातीतले चुरमुरे दोन्ही हातांनी खालीवर करत होता. गॅसवर लसूण काळा पडला होता आणि लाल तिखट ओट्यापासून फ्रिजपर्यंत.

"हे काय चाललंय?"

"भडंग. उद्या सांगलीला न्यायचंय."

"अरे, पुण्याहून सांगलीला भडंग? हसतील लोक. आणि या वेळी पाळी सुभेदारांची आहे ना?"

"त्यांची चिठ्ठी कोरी नव्हती," तो म्हणाला. "हरलो मी होतो."

मी गॅस बंद केला, तेल बदललं आणि नवा लसूण सोलायला घेतला.