चाल धाकट्याची की आईची

पलंगावरच्या चादरीची एकच कड खोचून झाली होती, एवढ्यात वरच्या मजल्यावरून उतरलेला माझा धाकटा भाऊ दारातूनच ओरडला, "ताई, थांब! आत्ता काय गुणगुणलीस?"

मला तरी कुठे ठाऊक! तोंडाला येतं ते म्हणते.

धाकटा गाणी लिहितो आणि चालीही स्वतःच लावतो. बावीस वर्षांत त्याची गाणी न्हाव्याच्या दुकानापासून शाळेच्या संमेलनापर्यंत वाजली. सुरुवात मात्र रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली. तारा जोडायला डाग देता देता शब्द जुळवायचा, घरी आला की मला एकदाच गाऊन दाखवायचा. दोन दिवसांत ती चाल माझ्या तोंडी आपणहून आली तर ठेवायची, नाहीतर केरात. आमचे हे म्हणतात, "मेहुण्याला पेटी कशाला हवी? माझी बायको आहे की!"

म्हणजे आज त्याने खूश व्हायला हवं. उद्या रेकॉर्डिंग, वीस वादक ठरलेले. पण त्याचा चेहराच उतरला.

"ताई, ही उद्याच्या गाण्याची चाल मी तुला ऐकवलेलीच नाही. म्हटलं, या खेपेला आपल्या हिमतीवर करू."

"मग माझ्या तोंडी कुठून आली?"

"तेच तर विचारतोय!"

आई पहाटे देवापुढे असंच काहीतरी म्हणायची का? म्हणायची, असं वाटतं. लगेच वाटतं, छे, हाच वर गात असेल आणि माझ्या कानावर पडलं असेल. देवापुढे हात जोडून डोळे मिटले, तर तीच चाल घुमायला लागली. आवाज कुणाचा, ते काही कळेना.

मी त्याला ते सांगितलं आणि वर म्हटलं, "आईची असली म्हणून काय बिघडलं? आपलीच ना ती?"

"आणि खाली नाव माझं लावू? घरातली असली तरी चोरी ती चोरीच." मग तो पलंगाच्या कडेवर बसला. "ताई, तुझ्या तोंडी बसल्या त्याच चाली मी आजवर ठेवल्या. म्हणजे त्याही...?"

देवाशपथ, मला एकही धड आठवत नाही.

आईच्या शेजारी बसून रोज गाणारी आता एक मावशीच उरली आहे. तिला ऐकू कमी येतं, गाते मात्र अजून. धाकट्याने वादकांना फोन करून सांगितलंय, उद्याचं नक्की काय ते संध्याकाळी कळवतो. मी मावशीकडे निघाले आहे, तिच्याकडून आईचं पहाटेचं गाणं म्हणवून घ्यायला.