कप्तानाच्या खोलीतला दिवा

टेबलभर लांबीचं खेळण्यातलं जहाज मी सात महिने जोडत होतो. शेवटचा तुकडा चिकटवून बटण दाबलं, तर सगळीकडचे दिवे लागले आणि कप्तानाची खोली तेवढी अंधारात. सेल बदलले, वायरी हलवून पाहिल्या. काही नाही. शेवटी मीच चिकटवलेला डेक सुरीने उचकटला. खाली किटसोबत तयार आलेल्या इवल्याशा सर्किटवर शेंबडासारखा पिवळट गोंदाचा गोळा होता. तो खरवडला, तर वायर नुसती टेकवलेली! सोल्डर केलेलीच नव्हती. शेजारी 'ओके'चा हिरवा स्टिकर मात्र झकास.

किळस आली. चूक कुणाच्याही हातून होते, पण ही चूक नव्हतीच. कारखान्यात कुणीतरी ती सुटी वायर पाहिली होती आणि आत कोण बघतंय म्हणून वर गोंद थापला होता. वरून रंग फासलेल्या ओल्या भिंती, डांबर फासलेले खड्डे, सगळीकडे मला तोच पिवळा गोळा दिसायला लागला.

"अहो, पुरे झाली चिडचिड. सोल्डर करा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

केलं. खोली लख्ख उजळली. बायकोने वाकून चिमुकल्या खिडकीतून आत पाहिलं.

"आत रंग नाही दिलात? आणि भिंतीवर हे गोंदाचे ओघळ कसले?"

नव्हता दिला. सात महिन्यांत एका दुपारी कंटाळा आला होता, तेव्हा मीही तेच म्हणालो होतो, आत कोण बघतंय.

मी हात लांब करून दिवा बंद केला.