नकाशातलं हिरवं गाव

माझ्यासारख्याने लिहायला बसावं हाच आगाऊपणा आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण चूक माझ्या हातून झाली, आणि तोंडी सांगताना मी दरवेळी अडखळतो.

एम.एस्सी.ला असताना सरांनी काम दिलं. पाऊस लहरी झाला, उन्हाळा वाढला, त्याने जमिनीचं काय झालं हे उपग्रहाच्या जुन्या-नव्या चित्रांवरून शोधायचं आणि तालुक्याचा नकाशा करायचा. त्या नकाशावरून तळ्यांतला गाळ काढण्यासाठी कोरडी गावं निवडली जाणार होती. चित्रात हिरवं दिसलं तरी ते पीकच आहे का, हे जागेवर जाऊन पाहायचं, असा नियम. नारायण पेठेतल्या खोलीवरून सकाळची एसटी धरून, दिवे घाट चढून मी एकेक गाव पायी तपासलं. आमच्या गावात मात्र गेलो नाही. आपल्याच गावात काय पाहायचं? एप्रिलच्या चित्रात ओढ्याकडेची पट्टी हिरवीगार होती. तिथे आमचा ऊस असायचा. मी 'बागायत' लिहून मोकळा झालो आणि नकाशा तालुक्याच्या कचेरीत गेला.

जूनमध्ये घरी गेलो, तर त्या पट्टीत पाण्यावाचूनही हिरवी राहणारी वेडी बाभूळ माजलेली. विहीर आटल्यापासून तिथे नांगर लागलाच नव्हता. मला कळवलं का नाही, असं आईला विचारलं.

"तुला कशाला घोर? आन् आता तळ्यातला गाळ निघनार हाय म्हनत्यात. मग पानी ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी सरांपुढे उभा राहिलो.

"परक्या गावांत उन्हातान्हात हिंडलात आणि स्वतःचं गाव खुर्चीत बसून तपासलंत," ते म्हणाले. "सोय चांगली आहे." मग संध्याकाळपर्यंत शेजारी बसवून त्यांनी नकाशा दुरुस्त करून घेतला आणि स्वतःच्या सहीचं पत्र जोडून कचेरीत पुन्हा पाठवला.

त्यानंतर चित्रात हिरवा रंग दिसला की मी ती जागा पुन्हा पायी पाहून यायचो. आईशी फोनवर मी पावसाचं बोलायचो, जनावरांचं बोलायचो. निवडलेल्या गावांच्या यादीचं विचारायचा धीर होत नसे.

दिवाळी झाल्यावर तिनेच सांगितलं. ग्रामपंचायतीत यादी वाचली होती, जुन्याच नकाशावरून केलेली. त्यात आमचं गाव नव्हतं.

"आपलं गाव बागायती हाय म्हनं," ती म्हणाली. "कुनी लिवलं आसंल रं?"