सईचा डावा डोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, नंदाला, तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? – कळत नाही.

आमची सई डाऊन सिंड्रोमची. पाच वर्षांची असताना कळलं, दोन्ही डोळ्यांना जबर नंबर आहे, डाव्याला तर फारच. पण चष्मा टिकेल तर शपथ! इलॅस्टिक लावलं, रिबिनीने बांधला – बाईसाहेब दोन मिनिटांत तो खिडकीतून कसब्याच्या बोळात भिरकावून मोकळ्या. खालचे शिंपीकाका चकार शब्द न बोलता वर आणून द्यायचे. काय दिवस होते ते! मी घरी आलो की ती माझ्या नाकाला नाक लावून बघायची, ओळख पटली की खुदकन हसायची. अजून आठवलं की गलबलून येतं.

डॉक्टरांकडे तिला मी एकटाच घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, चष्मा घालत नाही ना, मग भूल देऊन लेझरने नंबर उतरवू. पण लवकर – डावा डोळा न वापरून आळशी होत चाललाय. नंतर डोळे चोळू नयेत म्हणून कोपरांना पुठ्ठ्याच्या नळ्या, आणि महिनाभर कुणीतरी सतत जवळ हवं.

कुणीतरी म्हणजे मीच. सई हट्टाला पेटली की नंदाला आवरायची नाही. आणि – त्याच आठवड्यात माझा अमेरिकेचा व्हिसा आला होता. खराडीच्या आमच्या ऑफिसात ऑनसाइटला, म्हणजे परदेशातल्या कामावर, नाव लागलं की माणसाला स्वर्ग दोन बोटं उरायचा. महिनाभर थांबता येईल का, एवढं तरी विचारायचं? नाही विचारलं.

घरी येऊन म्हणालो, "अशा मुलांचं ऑपरेशन करत नाहीत म्हणे."

नंदाने एकही प्रश्न केला नाही. का करेल? बालवाडीपासून पोहण्याच्या वर्गापर्यंत "अशा मुलांना घेत नाही" हेच ऐकत आलो होतो आम्ही. मला ते ठाऊक होतं – म्हणूनच तर नेमकं तेच वाक्य उचललं.

तीन वर्षांनी अमेरिकेहून परतलो. नंदानेच दुसरे डॉक्टर शोधले. ऑपरेशन झालं, उजवा डोळा छान झाला. डाव्याबद्दल ते म्हणाले, "उशीर झाला हो. तेव्हाच आणायला हवी होती."

"चूक माझीच," नंदा म्हणाली. "हे विचारून आले होते. मीच आणखी कुठे चौकशी केली नाही."

मी शेजारीच उभा होतो.

सई आता मोठी झालीय. डावीकडून हाक मारली की तिला पूर्ण मान वळवावी लागते. नंदा अजूनही अधूनमधून स्वतःला बोल लावते. मी लावू देतो.