त्र्याऐंशी हजार

रेणापूरच्या त्या शाळेत दहावीचं गणित सिद्धेश्वर सरांकडे होतं, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असे. कुणाची चूक चारचौघांत काढल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. यंदा लातूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली साक्षी मॅडम आली आणि पालक म्हणू लागले, दहावी तिला द्या. मुख्याध्यापक किशनराव म्हणाले, "गणित दिवस होऊ द्या, मग ठरवतो."

दहावी हातची जाणार, या विचारानं सर पेटले. साक्षीला मराठी आकडे ऐकताना अडखळायला होतं, हे त्यांनी हेरलं होतं. गणित दिवसाच्या सकाळी ती सभागृहातला फळा सजवत होती, तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "मॅडम, एक मोठी मूळ संख्या लिवा. एक आन् ती स्वतः, याबिगर कशानंच तिला भाग जात न्हाई. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस."

"सर, अंकांत लिहून देता का?"

"मराठी शाळा हाय ही. कान हायेत ना?"

तिनं लिहिलं : २,१४,७४,७३,६४७. त्र्याऐंशीचे त्र्याहत्तर झाले. सरांनी पाहिलं आणि मुकाट निघून गेले.

कार्यक्रमात पालक जमल्यावर ते उठले. "मॅडमच्या या मूळ संख्येतल्या अंकांची बेरीज करा रे."

"पंचेचाळीस," पोरं म्हणाली.

"म्हंजे नऊनं सरळ भाग जातो. लातुरात असल्याच मूळ संख्या मिळतेत वाटतं."

पालक हसले. साक्षीचे कान तापले. "मला त्र्याऐंशी ऐकून कळत नाही," ती म्हणाली. "सरांना ते ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी लिहून दिलं नाही."

किशनरावांनी सरांकडे रोखून पाहिलं. मग दहावीच्या पोरांना कागद वाटायला लावले. "लिहा, त्र्याऐंशी."

निम्म्यांनी त्र्याहत्तर लिहिले होते. काहींनी त्र्याण्णव. एकानं तीन आधी ऐकू आला म्हणून अडतीस.

"सर, ही तर तुमचीच पोरं," किशनराव म्हणाले.

"घरी मोबाईल बघतेत दिवसभर. मी काय करू?"

किशनराव पोरांकडे वळले. "आकडा कळला नाही तर विचारत नाही का रे तुम्ही?"

"विचारलं की सर बहिरा म्हणतेत," पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "आन् तासभर उभं करतेत."

यावेळी पालक हसले नाहीत. किशनराव म्हणाले, "सोमवारपासून दहावी मॅडमकडे."

साक्षीनं फळ्यावरचा चुकलेला सात पुसून आठ केला.

"त्र्याऐंशी म्हंजे किती, ते आलं का मॅडम आता?" सरांनी विचारलं.

"ऐंशी आणि तीन. तुमच्या पोरांनाही शिकवते आता."

सर खाली बसले. शेजारच्या शिक्षकानं आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.